बोल्ट तिरका चाललाय हे मशीनला कसं कळणार

ऑटोमेशनमध्ये काम करतो म्हटलं की लोकांना मोठे रोबोट आठवतात, ठिणग्या उडतायत, गाड्यांच्या बॉड्या सरकतायत, आणि मग मी सांगतो की आमच्या लाईनवर बोल्ट लावायचं ऑटोमॅटिक मशीन आहे आणि माझा बराचसा वेळ त्याच्या मागं जातो, तर समोरचा म्हणतो, बोल्ट लावायला काय एवढं. लग्नकार्यात हे हमखास होतं. मला मात्र मनापासून वाटतं की असेंब्ली लाईनवरचं सगळ्यात अवघड काम हेच आहे, वेल्डिंगपेक्षा आणि पेंटिंगपेक्षाही, कारण तिथं रोबोटला ठरलेल्या वाटेनं फिरायचं असतं आणि इथं एका धातूच्या तुकड्याला दुसऱ्या तुकड्याच्या आत नेमक्या आट्यात पकडायचं असतं, आणि तेही आपल्याला आतलं काही दिसत नसताना.

आमचा कारखाना सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत, पुणे रोडला. गाडीत बसणाऱ्या पंपाचं ॲल्युमिनियम हाऊसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, त्यावर झाकण, आणि झाकणाला एम६ चे, म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचे, ८ फ्लँज बोल्ट. एवढंच. शिफ्टला साधारण ४०० पंप. आधी हे सगळं हाताने चालायचं, म्हणजे बोल्ट हाताने दोन आटे चढवायचे आणि मग हवेवर चालणारी न्यूमॅटिक गन लावायची. नंतर मशीन आलं, स्वतः बोल्ट घेतं, स्वतः बसवतं, स्वतः आवळतं.

आता एक साधा हिशोब बघा, कारण हा हिशोब कळल्याशिवाय पुढचं सगळं कळत नाही. समजा मशीन १००० बोल्टांतले ९९५ बरोबर लावतंय. ऐकायला भारी वाटतं, साडेनव्व्याण्णव टक्के. पण पंपाला बोल्ट आठ आहेत, आणि आठही बरोबर बसले तरच पंप ओके, म्हणजे ०.९९५ चा आठ वेळा गुणाकार, तो येतो ९६ टक्के. शंभरातले चार पंप अडकणार. ४०० पंपांत १६ वेळा लाईन थांबणार, म्हणजे दर अर्ध्या तासाला लाल दिवा, कुणीतरी धावत जाणार, दार उघडणार, बोल्ट काढणार, रिसेट मारणार. असं मशीन कुणालाच आवडत नाही, आणि महिन्याभरात लोक त्याला बायपास करून परत हाताने बोल्ट लावायला लागतात, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय. तेच १०००० ला एक चूक एवढ्यावर आणलं तर तीन शिफ्टमधून एकदा थांबेल. साडेनव्व्याण्णव ते नव्व्याण्णव पॉइंट नव्व्याण्णव, मधला सगळा रस्ता म्हणजे आमचं काम.

सुरुवात करू बोल्टच्या टोकापासून. एम६ चा पिच १ मिलिमीटर असतो, म्हणजे एका फेऱ्याला बोल्ट १ मिलिमीटर आत जातो. झाकणाचं भोक ६.६, म्हणजे बोल्टला सगळीकडून जेमतेम ०.३ मिलिमीटर जागा. आता हाऊसिंग फिक्स्चरमध्ये, म्हणजे ते पकडून ठेवणाऱ्या चौकटीत, बसलंय, फिक्स्चर पॅलेटवर आहे, पॅलेट स्टॉपरला टेकलंय, वरून बोल्ट फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, येतोय त्याचा स्वतःचा थोडा ढिलेपणा आहे, आणि सॉकेटमध्ये बोल्ट किंचित डुलतोय. प्रत्येकाचं थोडं थोडं मिळून अर्धा मिलिमीटर कधी होतो कळत नाही. शिवाय नुसतं बाजूला सरकणं वेगळं आणि तिरकं होणं वेगळं. बाजूला सरकलेला बोल्ट भोकाच्या तोंडाला चॅम्फर, म्हणजे उतरती कापलेली कड, चांगला असला तर घसरून जागेवर येतो. तिरका बोल्ट मात्र आट्यात शिरतो, चुकीच्या आट्यात शिरतो, आणि तिथून पुढं तो सरळ होत नाही.

म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न हा विचारतो की तुमच्या भोकाला चॅम्फर आहे का, आणि बोल्टच्या टोकाला पायलट आहे का. टोकाला थोडासा बिनआट्यांचा भाग असलेला बोल्ट मिळतो, डॉग पॉइंट म्हणतात त्याला, तो आधी भोकात सरळ उभा राहतो आणि मग आटे भिडतात. बोल्ट काही पैशांनी महाग पडतो. परचेसवाले म्हणतात कशाला, आधीचा चालतोय की. पण तिरकेपणाचा अर्धा प्रश्न तिथंच संपतो, आणि कॅमेरा, सर्वो, नवीन कंट्रोलर यावर लाखो घालण्याआधी ड्रॉइंगमध्ये चॅम्फर थोडा मोठा करून घेणं हे सगळ्यात स्वस्त ऑटोमेशन आहे असं माझं ठाम मत आहे. डिझाईनवाले आणि लाईनवाले एका टेबलावर बसत नाहीत तोवर हे होत नाही, आणि आपल्याकडं ते फार उशिरा बसतात.

हाताने बोल्ट लावणारी माणसं काय करतात हे मी खूप वेळ उभा राहून बघितलंय. आमच्याकडं एक ताई आहेत, हॅण्ड असेंब्लीवर बरीच वर्षं काढलेल्या. त्या बोल्ट भोकावर ठेवतात आणि आधी उलटा फिरवतात. अगदी थोडा, अर्धा पाऊण फेरा, बोटांच्या टोकांनी, वरून जवळजवळ काहीच दाब नाही. मग बोल्ट एकदम किंचित खाली बसतो, त्यांना तो बोटात कळतो, आणि मग त्या सुलटा फिरवतात. मी विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणाल्या, "कुणी नाय ओ सर, तसं केलं की आपोआप धरतंय." त्याचं कारण असं की आट्याला एक सुरुवात असते, एक तोंड. बोल्ट उलटा फिरताना त्याचं तोंड भोकातल्या आट्याच्या तोंडावरून पुढं सरकलं की तो खाली पडतो, आणि पडल्यावर तो बरोबर उभा असतो, तिथून सुलटा फिरवला की दुसरीकडं जाऊच शकत नाही.

मशीनला हे शिकवता येतं. स्पिंडल हलक्या दाबाने खाली आणायचा, सावकाश उलटा एक फेरा द्यायचा, आणि स्पिंडलच्या उंचीवर सेन्सर लावून बोल्ट तसा किंचित खाली पडला का बघायचं. पडला की सुलटं फिरवायला लागायचं, पहिले दोन फेरे हळू आणि मग जोरात. आमच्याकडं हे लावायला प्रॉडक्शनचा विरोध होता, कारण बोल्टमागं पाऊण सेकंद, आठ बोल्टांना सहा सेकंद, आणि सायकल टाइम, म्हणजे एका पंपाला लागणारा वेळ, हा तिथला देव. मी म्हणायचो की त्या सहा सेकंदांपुढं लाल दिव्यात जाणारी मिनिटं मोजा ना. शेवटी मोजली, आणि मग ते लावलं गेलं.

आता टॉर्कची गोष्ट, आणि इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय. मशीन आलं तेव्हा सेटिंग असं होतं की १० न्यूटन मीटर टॉर्क आला की हिरवा दिवा. ऐकायला बरोबर आहे. पण टॉर्क म्हणजे काय, फिरवायला लागणारा जोर. बोल्ट व्यवस्थित बसून डोकं टेकलं आणि आवळला गेला तरी १० येणार, आणि बोल्ट तिरका जाऊन तिसऱ्याच आट्यात अडकला तरी १० येणार. मशीनला दोन्ही सारखंच. हिरवा दिवा, पंप पुढं. शिवाय बोल्ट नीट बसला असला तरी टॉर्कपैकी साधारण नव्वद टक्के नुसत्या घर्षणात जातो, निम्मा डोक्याखाली, चाळीस टक्के आट्यांत, आणि झाकण दाबून धरायला खऱ्या अर्थाने वापरला जातो तो उरलेला दहावा हिस्सा. बोल्टला तेल जास्त असलं तर त्याच १० न्यूटन मीटरला झाकण जास्त दाबलं जातं, कोरडा किंवा घाण असला तर कमी. म्हणजे आपण मोजतोय एक आणि आपल्याला हवंय दुसरंच.

म्हणून टॉर्कबरोबर कोन मोजायचा. आमच्या बोल्टचे आटे हाऊसिंगमध्ये १२ मिलिमीटर जातात, म्हणजे १२ फेरे, ४३२० अंश. दोन-तीन फेऱ्यांतच टॉर्क आला तर बोल्ट अडकलाय. बारा फेरे झाले, तेरा झाले, टॉर्क येतच नाही, तर आटे गेलेत किंवा भोकात टॅपच मारलेला नाही, म्हणजे आटेच पाडलेले नाहीत. टॉर्क आणि कोन दोन्ही ठरलेल्या खिडकीत आले तरच ओके. आजकालच्या विजेवरच्या डीसी गन हे सगळं आतच मोजतात, प्रत्येक बोल्टचा आलेख काढून ठेवतात, प्रश्न एवढाच की तो आलेख कुणी बघतं का.

बघायलाच पाहिजे, कारण ॲल्युमिनियम मऊ असतं. स्टीलचा बोल्ट तिरका शिरला तर कधी कधी तो अडकत नाही, तर स्वतःचा रस्ता कापत बाराच्या बारा फेरे आत जातो, डोकं टेकतं, शेवटी टॉर्क बरोबर, कोन पण बरोबर. खिडकीत बसला. पण मधल्या वाटेवर, जिथं बोल्ट जवळजवळ मोकळा फिरायला पाहिजे, तिथं त्याला जोर लागलेला असतो. आलेखात तो भाग इतरांपेक्षा उंच दिसतो. तेवढाच पुरावा. म्हणून आम्ही मधल्या फेऱ्यांच्या टॉर्कला पण वरची मर्यादा घातली, आणि शेवटी डोक्याची उंची मोजायला लागलो. हे झाल्यावर मशीन जे पकडायला लागलं ते आधी गिऱ्हाइकापर्यंत जाऊ शकत होतं, आणि असला बोल्ट रस्त्यावर चालू गाडीत सैल होतो, हा विचार मला आजही स्वस्थ बसू देत नाही. जर्मनीत व्हीडीआय २८६२ नावाचा दंडक आहे, त्यात जोडांचे धोक्याप्रमाणे वर्ग केलेत, जिथं जोड सुटला तर जिवावर बेतेल तो अ वर्ग, त्याला नुसता टॉर्क मोजून चालत नाही, सोबत दुसरी कसली तरी खात्री लागतेच. मला हा विचार फार पटतो. कुठला बोल्ट सुटला तर काय होईल हे आधी ठरवा, मग त्याच्यावर किती पहारा ठेवायचा ते ठरवा.

हे सोलापुरात बसून लिहितोय तर मागाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील पूर्व भागात पॉवरलूमवर होते. साध्या मागाला बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटला की कळतं, त्याला एक काटा असतो, बाण्याचा धागा आला नाही की माग थांबतो. पण ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला तर असल्या साध्या मागाला कळत नाही, तो चालत राहतो, आणि चादरीत उभी रेघ पडत जाते. ते विणकरानं बघायचं, म्हणून विणकर सारखा मागांमधून फिरत असतो, डोळे ताण्यावर. ज्या मागांना ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री अडकवलेली असते त्यांचं वेगळं, धागा तुटला की ती पत्री खाली पडते आणि माग थांबतो. जपानच्या साकिची तोयोदांनी १९२४ साली जो ऑटोमॅटिक माग केला तो असाच, धागा तुटला की स्वतः थांबणारा, त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनी घेतले, आणि त्याच घराण्याने पुढं गाड्या काढल्या. चूक झाली की मशीनने स्वतः थांबायचं हा गाड्यांच्या कारखान्यांचा आजचा मोठा नियम कापडाच्या मागातून आलाय, आणि आपल्या गावाला तर हे शाळेत शिकवायला पाहिजे. नुसत्या टॉर्कवर चालणारी गन म्हणजे नेमका तो साधा माग, एक चूक तिला कळते आणि दुसरी तिच्यासमोरून निघून जाते. एका विणकराला जास्त माग सांभाळता आले ते माग जोरात पळाले म्हणून नाही, ते वेळेवर थांबले म्हणून.

बरं, आवळण्याचं एवढं बोललो पण लाईन सगळ्यात जास्त थांबते ती आवळताना नाही. ती थांबते बोल्ट आणताना. खोक्यातला बोल्ट एकेक करून, डोकं वर आटे खाली असा स्पिंडलपर्यंत येणं, यात निम्म्याहून जास्त ब्रेकडाऊन. बाऊल फीडर ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, स्टीलचं मोठं गोल भांडं असतं, आतून कडेने चढत जाणारी गोल वाट, खाली इलेक्ट्रोमॅग्नेट आणि तिरक्या बसवलेल्या पट्टीच्या स्प्रिंगा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मॅग्नेट सेकंदाला १०० वेळा खेचतो, अर्ध्या वेव्हवर चालवला तर ५० वेळा, आणि प्रत्येक झटक्याला बोल्ट किंचित उडून पुढं पडतो, असा चढत चढत वर येतो. वाटेत कापलेल्या जागा असतात, चुकीच्या अंगाने आलेला बोल्ट तिथून परत खाली पडतो. कुठलाही हात नाही, ग्रिपर नाही, नुसत्या थरथरीवर सगळं. मला आजही ते बघत उभं राहायला आवडतं.

पण ही थरथर नाजूक असते. आमच्या जुन्या कंट्रोलरवर रात्री व्होल्टेज वाढलं की बाऊल जोरात उडवायला लागायचा, बोल्ट ट्रॅकवरून बाहेर, आणि दुपारी सगळ्या एमआयडीसीचा लोड आला की तोच बाऊल सुस्त. सकाळी सेट केलं की संध्याकाळी बिघडायचं आणि शिफ्टवाले एकमेकांवर ढकलायचे. व्होल्टेज सांभाळून घेणारा कंट्रोलर लावला आणि हे भांडण मिटलं. पट्टीच्या स्प्रिंगेला चीर गेली तर बाहेरून काही दिसत नाही, फक्त आवाज बदलतो. आमचे मेंटेनन्सचे अण्णा लांबूनच सांगतात, "त्या दोन नंबरचा सूर बदललाय बे, पट्टी बघ," आणि पट्टी तुटलेलीच असते.

आणि बाऊल काठोकाठ भरायचा नाही. नवीन माणसाला वाटतं भरून ठेवला की दोन तास काम नाही, पण भरलेल्या बाऊलमध्ये बोल्ट एकमेकांवर घासत राहतात, प्लेटिंगची भुकटी होते, आट्यांना मार बसतो, ती भुकटी बोल्ट हवेने स्पिंडलकडं पाठवणाऱ्या नळीत जाते आणि तिथं साठते. वेगळा हॉपर, म्हणजे साठ्याचं भांडं, ठेवून त्यातून सेन्सरने थोडे थोडे बोल्ट सोडणं हे बरं. नळीचं पण एक गणित आहे. हवेने नळीतून जाणारा बोल्ट डोक्याच्या रुंदीपेक्षा चांगला लांब पाहिजे, नाहीतर तो आत कोलांटी मारून उलटा होतो आणि अडकतो. आखूड बोल्टांना नळी वापरूच नये, उचलून ठेवणारा हात लावावा. पावसाळ्यात एअर लाईनला पाणी धरतं तेव्हा ती भुकटी चिखल होऊन नळीत बसते, ड्रायरचा ड्रेन चालू आहे ना हे जूनमध्ये बघितलं तर ऑगस्टमध्ये झोप लागते.

खोक्याचं तर विचारू नका. बोल्टच्या खोक्यात काय काय निघतं, डोकं नसलेला बोल्ट, आटे न पाडलेला बोल्ट, लांबीला जास्त असलेला, एखादा वायसर, लोखंडाचा कीस. हाताने काम करणारा माणूस असा बोल्ट बघता बघता बाजूला टाकतो, त्याची कुठं नोंदच होत नाही, त्यामुळं आपल्याला वाटतं माल चांगला येतोय. मशीन आल्यावर पहिल्यांदा कळतं की ही माणसं इतकी वर्षं गुपचूप किती निवडत होती. दहा हजारांत एक असला बोल्ट आला तरी मशीन तिथंच अडकणार, मग आमचं चार नव्वांचं स्वप्न बोल्टवाल्याच्या खोक्यातच संपतं. म्हणून बोल्ट कॅमेऱ्याच्या सॉर्टिंग मशीनवरून काढून द्या असं लिहून घ्यावं लागतं, आणि त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ते द्यावेत.

भोक जरा चुकलं तर बाजूला सरकून जुळवून घेणाऱ्या, लवचीक रोबोटच्या हाताचा विचार काही नवीन नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत ड्रेपर लॅबोरेटरीत रिमोट सेंटर कम्प्लायन्स म्हणून एक साधं यंत्र निघालं, रबर आणि स्टीलच्या थरांचं, त्यामुळं खुंटी भोकात जाताना अडली तर आपोआप सरळ होते. त्याच सुमारास जपानात यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी स्कारा रोबोट आणला, जो आडवा लवचीक आणि उभा ताठ, कारण भोकात काही घालताना नेमकं तेच लागतं. आज फोर्स सेन्सर लावलेले रोबोट आहेत, भोक चुकलं तर गोल गोल फिरत शोधतात. चांगलंच आहे ते. पण ढिलं फिक्स्चर झाकायला हे वापरायला लागलात तर ते शोधणंच रोजचं होऊन बसतं आणि प्रत्येक बोल्टला दोन सेकंद जातात.

माणसांचं काय झालं हे विचारलं जातं, आणि विचारायलाच पाहिजे. शिफ्टला तीन हजारांवर बोल्ट, प्रत्येक वेळी गनचा झटका मनगटाला. ताईंचं मनगट रात्री ठणकायचं, त्या तेल लावून फडकं बांधून यायच्या. आता त्या आलेख बघतात. सुरुवातीला स्क्रीनला हात लावायला तयार नव्हत्या, आता मधल्या फेऱ्यांची रेघ जरा जाड दिसली की आवाज देतात, "ओ सर, हे खोकं बदला, बोल्ट कोरडे हायेत." जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला निम्मी माणसं रजेवर असतात, लाईनवर नवीन पोरं असतात, तेव्हा मशीन खरं कळतं, कारण जुन्या माणसांचे सांभाळून घेणारे हात तिथं नसतात. मी दरवर्षी त्या आठवड्याचे आकडे वेगळे काढतो आणि मला तेच खरे वाटतात.

आता नवीन लाईन येतेय, कंट्रोलरच्या प्लास्टिकच्या डब्याला एम४ चे स्क्रू. हे वेगळंच प्रकरण आहे, कारण प्लास्टिकमध्ये टॅप नसतो, स्क्रू स्वतःच आटे पाडत जातो, त्यामुळं मधल्या वाटेवर टॉर्क लागणं इथं चूक नाही, उलट तो लागला नाही तर भोक मोठं आहे. आटे पाडायला लागणारा टॉर्क आणि आटे फाटणारा टॉर्क यांत अंतर कमी, आणि ते वेगाप्रमाणे, प्लास्टिकच्या ओलीप्रमाणे, तापमानाप्रमाणे बदलतं, आणि आमच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी काय होतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. स्क्रू जोरात फिरवला तर प्लास्टिक वितळतं. रिपेअरला डबा उघडून परत लावताना स्क्रूने जुनेच आटे धरले पाहिजेत, म्हणजे इथं पण आधी उलटा फेरा आलाच.

मशीनची ट्रायल पुण्यात व्हेंडरच्या शेडमध्ये आहे. तिथं नेहमी निवडून पुसून ठेवलेले स्क्रू वापरतात आणि एसी चालू असतो. आम्ही यावेळी ऑर्डरमध्येच लिहिलंय की स्क्रू आमच्या स्टोअरमधले, न उघडलेल्या खोक्यांतले, डबे आमच्या मोल्डिंगच्या साच्यातल्या तिन्ही कॅव्हिटींमधले, म्हणजे खाचांमधले, सलग १०००० स्क्रू, आणि मध्ये कुणी हात लावला तर मोजणी परत एकपासून. प्लांट हेडनी सही केलीय, आणि ताई माझ्याबरोबर येतायत.